खांबेटे बाईंचा नियम आणि आपण गाळलेले गाव

प्रा. इंदुमती खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट प्रवेशाच्या मुलाखतीत झाली. वाहतूक नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गासाठी मी वर्ध्याहून पुण्यात आलो होतो. टेबलापलीकडे तिघे बसले होते. दोघांनी मला सूत्रे विचारली, ती मी घोकून आलो होतो. तिसऱ्या बाई होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारले, "स्टेशनवरून इथपर्यंत कसे आलात ते सांगा."

मी सांगितले. आधी बस, मग पूल, मग एका देवळापाशी डावीकडे, मग सरळ.

"मध्ये एकही गल्ली लागली नाही?"

"लागल्या ना. पण त्या महत्त्वाच्या नव्हत्या."

"कोणाला?"

मग त्याच म्हणाल्या, "रस्ता सांगताना तुम्ही निम्मं पुणं गाळलंत. बरोबर केलंत, नाहीतर आपण संध्याकाळपर्यंत इथेच बसलो असतो. पण काय गाळलं आणि कोणाला विचारून गाळलं, एवढं शिकायला दोन वर्षं लागतात. तयारी आहे का?" मी हो म्हणालो आणि बाईंचा विद्यार्थी झालो. पुढे स्वतःची संस्था काढली, केस पांढरे झाले, तरी अजून विद्यार्थीच आहे.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथासाठी लेख मागताना गौरव समितीने मला कळवले होते की लेख जिव्हाळ्याचा असावा. तो तसाच आहे. पण मी तो रागात लिहितो आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. राग बाईंवर नाही. त्यांच्या पंचाहत्तरीसाठी जमलेल्या आपल्या मंडळींवर आहे, आणि त्या मंडळींत मीही येतो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. शहराच्या वाहतुकीचे मॉडेल म्हणजे संगणकातले एक जाळे असते. रस्ते म्हणजे रेषा, चौक म्हणजे ठिपके. शहराचे तुकडे पाडायचे, त्यांना आम्ही झोन म्हणतो. कोणत्या झोनमधून कोणत्या झोनमध्ये किती माणसे जातात याचा अंदाज बांधायचा आणि ती माणसे त्या रेषांवरून सोडायची. जिथे दाटी होईल तिथे रुंदीकरण सुचवायचे, पूल सुचवायचा, बस वाढवायची. पण खरे शहर जसेच्या तसे संगणकात कोंबले, तर चूक कुठे झाली हेही कोणाला सापडत नाही. म्हणून जाळे सोपे करावे लागते. बारीक रेषा काढून टाकायच्या, जवळजवळचे ठिपके एक करायचे, लहान झोन जोडून मोठे करायचे. बाईंनी आयुष्यभर हे काम केले. सोपे करण्याची त्यांची पद्धत आज अनेक शहरांत वापरली जाते, निदान वापरली असे अहवालांत छापलेले तरी असते.

ती पद्धत आम्ही शिकलो ती शुक्रवारी दुपारी. वर्गाच्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा लावलेला असे. त्या तासाला आम्ही 'पुसापुशी' म्हणायचो. ज्याला जो रस्ता गाळायचा असेल त्याने उभे राहून सांगायचे की हा रस्ता मी पुसतो, का पुसतो, आणि पुसल्यावर त्याच्यावरची माणसे कोणत्या रेषेवर जातील. त्याआधी तो रस्ता पायी चालून आलेले असणे सक्तीचे होते. गाडीवरून पाहिलेला रस्ता बाईंच्या हिशेबी पाहिलेलाच नसे. एकदा आमच्या एका मित्राने मार्केट यार्डामागची अरुंद गल्ली पुसायला घेतली. म्हणाला, तिथे वाहन म्हणून जात नाही. बाईंनी एवढेच विचारले, "किती वाजता गेला होतात?" तो दुपारी जेवून गेला होता. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे पहाटे गेलो. बाई आमच्या आधी तिथे पोचलेल्या होत्या. गल्ली हातगाड्यांनी तुडुंब भरली होती आणि आम्ही मधोमध वह्या घेऊन उभे होतो. एक हमाल ओरडला, "ओ सायेब, बाजूला व्हा, न्हायतर बसा गाडीवर, कांद्यासंगं इकून टाकतो!" बाई इतक्या हसल्या की त्यांना एका दुकानाच्या पायरीवर बसावे लागले. गल्ली अर्थातच नकाशात राहिली.

यावरून बाईंना गाळणे आवडत नाही असा समज कोणी करून घेऊ नये. गाळण्यात त्यांच्याइतके कठोर कोणी मी पाहिले नाही. शहराच्या कडेला एक नवा रुंद रस्ता झाला होता. दिवे, झाडे, उद्घाटनाची कोनशिला, सगळे जागच्या जागी. बाईंनी तो मॉडेलमधून काढून टाकला. एक अधिकारी तक्रार घेऊन आले. "मॅडम, एवढा रुंद रस्ता आणि तुमच्या नकाशात नाही?" बाई म्हणाल्या, "रुंद आहे, मान्य. जातो कुठे?" साहेबांनी नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला. रस्ता एका कुंपणापाशी संपत होता आणि कुंपणामागे कोणाची तरी जमीन होती. साहेब चहा न घेता गेले. बाई आम्हाला म्हणाल्या, "लक्षात ठेवा, रुंदी बघून भुलायचं नसतं."

पुसापुशीत सगळ्यावर वाद घालायची मुभा होती, फक्त एका नियमावर नव्हती. मोठ्या रस्त्याच्या दोन बाजू कधीही एका झोनमध्ये घालायच्या नाहीत. त्यामागचे कारण बाईंनी आम्हाला असे समजावले होते: "स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात गेलेला माणूस रस्त्यावर दिसतो का? नाही. तो घरातल्या घरात चालला. झोनमधल्या झोनमध्ये चालणारा माणूसही जाळ्यावर दिसत नाही. आता तुम्ही झोनची हद्द रस्त्याच्या पलीकडे नेलीत, तर रस्ता ओलांडणारी सगळी माणसं घरातल्या घरात चाललीत असंच तुमचं मॉडेल समजणार. मग उद्या कोणी तिथे भिंत घालायला निघालं, तर ते तुमचाच कागद दाखवून सांगतील की इथे कोणी ओलांडत नाही." हा नियम त्यांनी आपल्या पद्धतीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिला आहे. तो वाचायला संपूर्ण पुस्तक उघडावे लागत नाही.

बाईंच्या मायेबद्दल लिहायचे तर मला फार लांब जावे लागणार नाही. पहिल्याच पुसापुशीत मी उठून म्हणालो, "मी हा रस्ता पुसून राहिलो आहे." वर्ग फिस्सकन हसला. वर्ध्यात आम्ही सगळे असेच बोलतो. बाईंनी खडू खाली ठेवला. "वानखडे काय म्हणाले ते सगळ्यांना कळलं?" सगळे म्हणाले, कळलं. "मग हसलात कशाला? न कळल्यावर लोक हसतात ते मी समजू शकते." त्यानंतर माझ्या बोलण्याला त्या वर्गात कोणी हसले नाही. कर्वेनगरात मला खोली मिळेना, बाहेरगावची मुले नकोत असे घरमालक तोंडावर सांगत. तेव्हा बाई स्वतः माझ्याबरोबर आल्या आणि एका मालकांना म्हणाल्या, "हा मुलगा माझा आहे असं समजा. काही तक्रार असेल तर मी दोन गल्ल्या सोडून राहते." रविवारी जेवायला त्यांच्याकडेच जायचे असा शिरस्ता पडला. स्वयंपाक त्यांचे यजमान करत आणि बाई ताटे मांडत. वांग्याच्या भरितात मला लागते तेवढे तिखट पडायला लागले, तेव्हा पुण्यात आपलेही कोणी आहे असे मला वाटले. त्या घराचे ऋण मी फेडू शकत नाही आणि फेडावे अशी त्यांची अपेक्षाही नाही.

आता रागाचे कारण सांगतो.

हिंजवडीच्या वाटेवर शहराने गिळलेले एक गाव आहे. नाव लिहीत नाही, त्या रस्त्याने कंपनीच्या बसमधून रोज जाणाऱ्यांनी ते खिडकीतून पाहिले आहे, पण पाहिल्याचे त्यांना आठवणार नाही. गावठाण रस्त्याच्या एका अंगाला. शाळा, दवाखाना, देऊळ आणि उरलीसुरली भाजीची वावरे दुसऱ्या अंगाला. रस्ता जुना आणि अरुंद होता तोवर गाव हात दाखवून ओलांडत असे. आता रस्ता रुंद झाला आणि मधे दुभाजक घालायचे ठरले. साधा दुभाजक नव्हे, कमरेएवढी सिमेंटची भिंत आणि वर लोखंडी जाळी, सलग. ओलांडायचे तर पार पुढे जाऊन वळसा घालायचा. या कामासाठी एका सल्लागार कंपनीने मॉडेल केले आणि अहवालात लिहिले की या ठिकाणी पायी ओलांडण्याची मागणी आढळत नाही. त्याच अहवालाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे: 'जाळ्याचे सुलभीकरण प्रा. खांबेटे यांच्या पद्धतीनुसार करण्यात आले आहे.'

तो अहवाल मी बाईंना नेऊन दिला. त्यांनी नकाशाचे पान उघडले, झोनच्या हद्दीवरून बोट फिरवले आणि बोट रस्त्यापाशी थांबलेच नाही, सरळ पलीकडे गेले. गावठाण आणि शाळा एकाच झोनमध्ये. रोज रस्ता ओलांडणारे सगळे गाव संगणकाच्या दृष्टीने घरातल्या घरात फिरत होते. मॉडेल करणाऱ्याला झोनांची संख्या कमी करायची होती, त्याने दोन झोन जोडले आणि पुढच्या पानावर गेला. बाईंनी अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "वानखडे, चुकीच्या कामावर माझं नाव आहे. आधी बघून येऊ."

आम्ही गेलो. भिंत दोन्हीकडून बांधत आणली होती आणि गावासमोर एक खिंडार तेवढे उरले होते. तिथून माणसे जा-ये करत होती. आया मुलांना हाताला धरून धावत होत्या. डोक्यावर मेथीच्या जुड्यांची पाटी घेतलेल्या एक ताई आमच्यापाशी थांबल्या. त्यांचे नाव कलावती. घर अलीकडे, वावर पलीकडे. सासूबाईंना रोज मलमपट्टीला दवाखान्यात न्यावे लागते, तो दवाखानाही पलीकडे.

"तुमी हापिसातल्या का?" त्यांनी विचारले.

"नाही. पण ज्या हिशेबावर ही भिंत बांधतायत, तो हिशेब माझ्या नावावर आहे," बाई म्हणाल्या.

कलावतीताईंनी पाटी खाली ठेवली. "मंग तुमीच सांगा म्याडम, ह्ये भोक बुजवलं की म्या म्हातारीला कशी न्यायची? तितं लांब वळसा हाय म्हनत्यात. तिला उंबऱ्याभाईर पाऊल टाकवत न्हाई. आमी काय उडत जायाचं? आमचं गाव तुमच्या नकाशात हाय का न्हाई?"

"गाव आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही रस्ता ओलांडता हे नाही. चूक नकाशाची आहे, तुमची नाही. ती मी दुरुस्त करून घेईन."

एखाद्याने असे वचन दिले की आपण मनातल्या मनात हसतो. बाईंचे तसे नसते. आठवडाभर त्यांच्या कर्वेनगरच्या घरातले जेवणाचे टेबल नकाशांनी भरून गेले. आम्ही तो झोन रस्त्याच्या रेषेवर कापून त्याचे दोन केले आणि मॉडेल पुन्हा चालवले. त्या सबंध परिसरातला पायी माणसांचा सर्वांत जाड प्रवाह नेमका त्या खिंडाराच्या जागी उमटला. दुसरे काहीही बदलावे लागले नाही. एका दुपारचे काम होते. ते आधी करायला कंपनीला कोणी अडवले होते?

ते घेऊन बाई ज्या अधिकाऱ्यांच्या हातात निर्णय होता त्यांच्याकडे गेल्या. आणि इथे मला आपल्या मंडळींकडे वळावे लागते, कारण ते गृहस्थ आपलेच आहेत. माझ्या पुढच्या वर्षाचे विद्यार्थी. पुसापुशीच्या तासाला पहिल्या बाकावर बसणारे, बाईंच्या यजमानांच्या हातचे भरीत खाल्लेले, आणि आजच्या गौरव समितीचे सदस्यही. नाव लिहीत नाही, वाचताना त्यांना ओळखू येईल.

ते उठून उभे राहिले, बाईंच्या पाया पडले, चहा मागवला. नकाशा पाहून म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण अहवाल मंजूर झालाय. आता हा एक झोन उघडला तर सगळ्या झोनांवर प्रश्न येतील."

"यायलाच हवेत," बाई म्हणाल्या.

"प्रॅक्टिकली बघा ना, मॅडम. आणि पद्धत तर तुमचीच वापरलीय. आम्ही सगळीकडे तुमचं नाव अभिमानाने घेतो."

"नाव घेता, नियम गाळता. असं करा, माझं नाव गाळा आणि नियम ठेवा."

ते हसले. मला वाटते त्यांना तो विनोद वाटला. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, पंचाहत्तरीला आम्ही चांदीचं मानचिन्ह करतोय. उड्डाणपुलाची प्रतिकृती. खूप सुंदर झालीय." मी बाईंच्या शेजारी उभा होतो आणि मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी चीड आली की मी जिन्यावरून आधी खाली उतरलो. पंचाहत्तरीची बाई आपल्या नावाने होणारा अन्याय थांबवा म्हणून दारी आली आणि तिला आपण चांदीचा पूल दाखवतो! आपल्याला लाज कशी वाटत नाही? आणि हे एकट्या त्यांचे नाही. बाईंनी आपल्यापैकी अनेकांना फोन केले. कोणी म्हणाले, तो विभाग माझा नाही. कोणी म्हणाले, निवडणुकीनंतर बघू. एकाने तर सांगितले की बाई आता थकल्या आहेत, त्यांनी विश्रांती घ्यावी. ज्यांना रस्ता चालल्याशिवाय पुसायचा नाही असे शिकवले, त्यांच्यापैकी एकही जण त्या खिंडारापाशी जाऊन उभा राहिला नाही. सभागृहाची सजावट, शालीचा रंग आणि निमंत्रणपत्रिकेवर कोणाचे नाव आधी, यावर मात्र समितीच्या तीन बैठका झाल्या. मी त्यांतल्या एका बैठकीला होतो. बाईंच्या कामाबद्दल एक शब्द निघाला नाही.

हा मजकूर पाहून संपादकांनी मला सुचवले की गौरवग्रंथात कटुता नको, हा भाग वगळून लेख आटोपशीर करावा. मी तो बाईंकडे नेला. त्यांनी शांतपणे वाचला, दोन ठिकाणी माझे शुद्धलेखन सुधारले आणि संपादकांना फोन लावला. "अहो, माझा गौरव करायचा आपला विचार आहे ना? मग हा लेख पूर्ण छापा. नाहीतर समारंभाला माझ्याऐवजी ती चांदीची वस्तू खुर्चीवर ठेवा." त्यामुळे समारंभात वाटल्या जाणाऱ्या या ग्रंथात तो आपल्या हातात पूर्ण आला आहे.

खिंडार अजून उघडे आहे. समारंभानंतरच्या सोमवारी सकाळी ते बुजवायला गाडी येणार आहे, असे गावात सांगून गेले आहेत. कलावतीताईंनी बाईंना विचारले, "मंग सोमवारी म्या म्हातारीला दवाखान्यात आनू का नगं?" बाई म्हणाल्या, "आणा. मी तिथे असेन." म्हणजे त्या असणार. भिंतीच्या दोन टोकांमध्ये, सिमेंटच्या गाडीसमोर, आपला नकाशा घेऊन. मी त्यांच्या बाजूला असेन.

ती वेळ येऊ नये म्हणून कोणी फार मोठे काही करायला नको आहे. ज्यांची सही लागते ते या सभागृहात बसले आहेत. ज्यांनी मॉडेल केले त्यांच्यातले निम्मे बाईंचे विद्यार्थी आहेत. एका झोनचे दोन करायचे, सुधारलेले पान अहवालाला जोडायचे आणि तेवढ्या जागी भिंत थांबवून ओलांडण्याची सोय करायची. हे सोमवारच्या आत होऊ शकते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला चांगले ठाऊक आहे.

बाईंनी शतायुषी व्हावे, त्यांना उत्तम आरोग्य लाभावे, अशी प्रार्थना मी मनापासून करतो. पण हल्ली त्यांचे गुडघे फार दुखतात आणि डॉक्टरांनी त्यांना एका जागी उभे राहायला मनाई केली आहे. सोमवारी त्यांना किती वेळ उभे राहावे लागेल, ते आपण ठरवायचे आहे.